लालासाहेबांची उंच गाडी

लालासाहेबांना मोटरसायकलची हौस नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पाटबंधारे खात्यातल्या अव्वल कारकुनानं बावन्नाव्या वर्षी डोंगरदऱ्यांत फिरायची गाडी दारात आणली की लोक काय बोलतात ते सांगायला नको. गोडोलीतल्या आमच्या सोसायटीत बोललेच. कुणी म्हणालं, रिटायर व्हायची वेळ जवळ आली की काहींना असं होतं. कुणी म्हणालं, केस काळे करायला लागलेत का तेवढं बघा. लालासाहेबांच्या डोक्यावर काळे करण्याजोगे केसच नव्हते, पण संशय घ्यायला लोकांना केस थोडेच लागतात?

गाडी हवी होती वडलांसाठी. केरबा सुभेदार, वय एक्याऐंशी, उंची सहा फूट एक इंच. पाठ अजून अशी ताठ की खुर्चीला टेकायची सोय असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. त्यांचा पलटणीतला जिवाचा दोस्त सिद्धू माण तालुक्यात, दहिवडीच्याही पलीकडे माळावरच्या एका वस्तीत राहायचा. मेंढरं होती, कर्ता मुलगा होता आणि आता फुप्फुसाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी मुलाला, बिरूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन महिने, फार तर तीन. सिद्धूनं ते बाजूचं बोलणं ऐकलं आणि सरळ सुभेदारांना फोन लावला.

"सुभेदार, माझं बिरू मला गाडीवर बसवून गावभर हिंडवतंय बघ. तुझ्या पोराला गाडी येती का न्हाई?"

"येती की. का येत न्हाई?"

"मग ये त्याच्या गाडीवर बसून. मरायच्या आधी ये. मेल्यावर आलास तर मी च्या टाकायला उठायचा न्हाई."

सुभेदार मोठ्यानं हसले. सतरा वर्षं एका तंबूत काढलेली माणसं मरणाची अशी थट्टा करतात.

पुढच्याच रविवारी लालासाहेबांनी वडलांना स्कूटरवर घातलं आणि निघाले. सडक होती तोवर ठीक होतं. शेवटचे चार किलोमीटर नुसते दगड, आणि मध्ये कोरडा ओढा. ओढ्यात स्कूटरचं पोट एका धोंड्यावर असं बसलं की पुढचं चाक हलेना आणि मागचं फिरून फिरून धूर काढायला लागलं. दोघं तिथूनच परत फिरले. सुभेदारांना चालत जाववेना. जीपवाल्याला विचारलं तर म्हणाला, जीप बायकोच्या नावावर हाय, मी त्या ओढ्यात घालणार न्हाई. बिरूला सडकेवर बोलवू असं लालासाहेबांनी सुचवलं, तर सुभेदार उखडले.

"सिद्धूच्या पोराच्या गाडीवर बसून सिद्धूकडं जाऊ? त्यापरीस न गेल्यालं बरं."

म्हणजे पोटाखाली मोकळी जागा असलेली गाडी पाहिजे. आणि रडायचं कारण इथंच सुरू होतं, कारण ज्या गाडीचं पोट उंच, तिची सीटही उंच. आणि लालासाहेब पाच फूट एक इंच.

या घरातले तीन पिढ्यांचे पुरुष पलटणीत गेले. लालासाहेब भरतीच्या मैदानावर तीनदा उंचीच्या पट्टीखाली उभे राहिले आणि तीनदा घरी आले. तेव्हापासून घरात उंची हा विषय निघत नाही. राजेश्वरीवहिनी माळ्यावरचा डबा काढायचा असला तरी नवऱ्याला न सांगता मुकाट्यानं स्टूल आणतात. इतकं सांभाळलेलं दुःख आता शोरूमच्या काचेआड, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, उघडं पडणार होतं.

गाडीच्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. माणसाला गोंधळात टाकायचं असलं की माप बारीक वापरायचं, हे लालासाहेब सरकारी नोकरीत शिकले होते. त्यांनी वहिनींच्या शिवणाच्या टेपनं स्वतःची तंगडी आतून मोजली. सातशे भरली. मग शोरूममध्ये गेले. आठशे साठ, आठशे पस्तीस, आठशे वीस. धवल नावाचा विक्रेता होता, हसतमुख आणि निर्दय.

"सर, पाय टेकणं हा मनाचा विषय आहे," तो म्हणाला.

"माझं मन टेकतंय. पाय टेकत नाहीत," लालासाहेब म्हणाले.

आठशे पस्तीसवर ते कसेबसे चढले, पण उतरायला वॉचमनला हाक मारावी लागली. वॉचमन माजी सैनिक निघाला. त्यानं काखेत हात घालून उचलून खाली ठेवलं आणि विचारलं, "केरबा सुभेदारांचे तुमी?" लालासाहेबांनी मान हलवली. "वाटत न्हाई," वॉचमन म्हणाला. तो वाईट हेतूनं बोलला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

शेवटी आठशेची एक गाडी सापडली. तिच्यावर बसून दोन्ही पायांचे चवडे ताणले, श्वास रोखला आणि मनात कुलदैवताचं नाव घेतलं की दोन्ही अंगठे जमिनीला लागायचे. लालासाहेबांनी तीच घेतली. धवल म्हणाला, परफेक्ट चॉइस सर. अशा वेळी 'परफेक्ट' म्हणणाऱ्या माणसाचं तोंड नीट लक्षात ठेवावं.

गाडी दारात आली. वहिनींनी रांगोळी काढली, हार घातला, नारळ फोडला. मग चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली. आता नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणं ही काही विशेष गोष्ट नाही. पण बाजारातली गोटीएवढी लिंबं वहिनींना पसंत पडेनात. त्यांनी माहेराहून, रहिमतपूरच्या मळ्यातून, खास लिंबं आणवली होती. एकेक लिंबू मुठीएवढं. बहिणीच्या घरची पूजा म्हणून भावानं निवडून पाठवलेली. त्यातलं एक पुढच्या चाकाखाली आणि एक मागच्या, अशी नेमकी दडपून बसवली.

शेजारचा विश्वजित गाडी धरून उभा होता. हा मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सहा फुटी, आणि सल्ला द्यायला सदैव तयार. उंच माणसांना बुटक्यांना सल्ला द्यायचा फार सोस असतो. लालासाहेब चढले, गाडी सुरू करून गिअर टाकला आणि विश्वजितनं "सोडतो हां साहेब" म्हणून गाडी सोडली. लालासाहेबांनी चवडे ताणले. अंगठे हवेत! श्वास रोखला, कुलदैवताचं नाव घेतलं, तरी हवेतच! कारण गाडी आता जमिनीवर नव्हतीच, रहिमतपूरच्या लिंबांवर होती. घाबरून त्यांनी क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि लालासाहेब हारासकट, आरतीच्या ताटावर, उजव्या कुशीवर सावकाश आडवे झाले. सावकाश पडणं फार वाईट. वेगात पडलं की निदान लोक धावत तरी येतात. सावकाश पडणाऱ्याकडे सगळे शेवटपर्यंत बघत राहतात.

सुभेदार गॅलरीतून बघत होते. ते तडक उठले. आत गेले आणि दार ओढून घेतलं. गुरुवार होता, दर गुरुवारी सिद्धूचा फोन यायचा. दाराआडून सुभेदारांचा दबका आवाज येत राहिला. काय बोलताहेत ते लालासाहेबांना ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. दोन म्हातारे आपल्या उंचीवर हसताहेत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यानंतर त्यांनी पणच केला की दोन्ही पाय पक्के टेकल्याशिवाय बापाला मागं बसवायचं नाही. एक्याऐंशीव्या वर्षी बाप आपल्या हातून पडला तर? पण विचार करण्याऐवजी त्यांनी सल्ला विचारायला सुरुवात केली. ऑफिसात विचारलं, सोसायटीत विचारलं, पोवई नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, बुटाला तळ वाढवा.

तळ वाढवला. चांगला दोन इंच. बूट घालून लालासाहेब घरात फिरले तर वहिनी चमकून म्हणाल्या, "अहो, पंख्याला हात लागतील." एवढं प्रेमळ वाक्य त्यांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं असावं. गाडीवर बसले, तर पाय टेकले! पण तो जाड बूट गिअरच्या दांडीखाली काही केल्या शिरेना. गोडोलीपासून पोवई नाक्यापर्यंतचा रस्ता त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, इंजिनचा आक्रोश ऐकवत कापला. दप्तर पुढं ठेवून चाललेली एक शाळेतली बाई मोपेडवरून पुढं गेली आणि मागं वळून काळजीनं बघत राहिली.

मग विश्वजितनं सांगलीच्या अर्जुना मिस्त्रीचं नाव सांगितलं. आधी नुसती सीट घेऊन जा, म्हणाला, तो फोम कापून देईल. लालासाहेब सीट मांडीवर घेऊन एसटीनं निघाले.

"महाराज, सोताचं आसन घिऊन निघालाय का?" कंडक्टरनं विचारलं. अख्खी गाडी हसली. लालासाहेब कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीबाहेर ऊस होता. पुढंही ऊसच होता.

अर्जुनानं फोम कापला, आणि असा कापला की राहिली ती फळी. वर म्हणाला, "ह्यानं काय हुतंय साहेब? गाडीच खाली बसवाया पायजे. गाडी आणा. तुमच्या मापाची करून देतो." अर्जुना कुणाकडे बघून बोलत नसे. समोरच्या इंजिनशी बोलल्यासारखा बोलायचा. त्यामुळे त्याच्यावर लगेच विश्वास बसायचा.

गाडी टेम्पोत घालून सांगलीला गेली. मागच्या शॉकची पट्टी बदलली, पुढचे दांडे वर सरकवले, आणि दहा दिवसांनी गाडी अडीच इंच बसकी होऊन आली. लालासाहेब बसले. दोन्ही टाचा फरशीला! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. माणूस टाचा टेकल्या म्हणून रडतो, यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या टाचा जन्मापासून टेकल्यात त्यानं तर मुळीच हसू नये.

"आबा, रविवारी जायचं," त्यांनी जाहीर केलं. सुभेदारांनी मान हलवली. गाडीकडे बघून काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

शनिवारी दोन गोष्टी झाल्या. सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी, स्पीडब्रेकरवर, गाडीचं पोट खर्र करून घासलं. लालासाहेबांनी उतरून वाकून बघितलं. पोटाखाली जागा उरली होती ती स्कूटरएवढी. ओढ्यातला तो धोंडा त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. इतके दिवस घालवून, सांगलीच्या तीन खेपा घालून, त्यांनी आपल्या हातानं एका उंच गाडीची स्कूटर केली होती.

ते डोकं धरून वर गेले. गॅलरीतून खाली बघतात तर गाडी हलते आहे. गाडी खाली बसवली होती, पण तिचा साइड स्टँड होता तेवढाच लांब राहिला होता. त्यामुळे ती स्टँडवर कलायच्या ऐवजी सरळ ताठ उभी होती. वाऱ्याची झुळूक आली आणि गाडी शांतपणे दुसऱ्या अंगाला कलली. लालासाहेब तिसऱ्या मजल्यावरून "अगं अगं अगं" एवढंच म्हणू शकले. गाडी कंपाउंडच्या भिंतीवर पडली. हँडल वाकलं, टाकीला पोचा आला.

विम्याचा माणूस आला. त्यानं टेप काढला, गाडी मोजली, कागद बघितला, पुन्हा गाडी मोजली.

"गाडीत फेरफार केलाय. मूळ स्थितीत आणा, मग अर्ज करा."

"अहो, पण पडली ती..."

"मूळ स्थितीत आणा."

अठ्ठावीस वर्षं लालासाहेबांनी शेतकऱ्यांना हेच ऐकवलं होतं, मूळ प्रत आणा, झेरॉक्स चालणार नाही. टेबलाच्या या बाजूला उभं राहून ऐकलं की ते वाक्य कसं लागतं, हे त्यांना प्रथमच कळलं. कळून उपयोग काय? गाडी पुन्हा टेम्पोत चढली.

सांगलीत आणखी एक दुःख वाट बघत होतं. मूळ पट्टी अर्जुनाला सापडेना. "हितंच ठेवली हुती," तो इंजिनला म्हणाला. नवी मागवायला तीन आठवडे लागतील असं कळलं. लालासाहेब घरी येऊन बसले. गुरुवारी फोन वाजायचा, सुभेदार दार ओढून घ्यायचे, दबकं बोलणं चालायचं. आतून हसू ऐकू येईनासं झालं होतं. सुभेदार बाहेर येऊन नुसते "खोकतोय लय" एवढं म्हणायचे. लालासाहेब अर्जुनाला फोन लावायचे. अर्जुना म्हणायचा, आज-उद्या येतीया पट्टी.

मग एकदा फोन मंगळवारीच वाजला. बिरू होता.

"अण्णा गेलं," तो म्हणाला.

सुभेदार दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. जेवले, पेपर उघडा धरून बसले, पान काही उलटलं नाही. लालासाहेबांना वडलांपुढं उभं राहवेना. त्यांना एकदा वाटलं की बापानं आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं, चार शिव्या घालाव्यात. पण सुभेदारांनी शिव्याही घातल्या नाहीत.

नवव्या दिवशी गाडी आली. मूळ स्थितीत. आठशे मिलिमीटर, पूर्ण उंच, सांगलीला गेलीच नव्हती अशी. सीटचा फोमही अर्जुनानं बिनचूक परत भरला होता. दहाव्याच्या दिवशी सकाळी सुभेदार कोट चढवून, टोपी घालून खाली आले.

"चल," ते म्हणाले.

"आबा, गाडी परत उंच झालीय. माझे पाय..."

"चल म्हणतो न्हवं."

विश्वजितनं गाडी धरली, बापलेक बसले आणि निघाले. दहिवडीपर्यंत लालासाहेब कुठंही थांबले नाहीत. थांबलं तर पडू, म्हणून थांबले नाहीत. सडक संपली, दगड सुरू झाले, ओढा आला. तो धोंडा होता तिथंच होता. गाडीचं पोट त्याच्यावरून सहज गेलं. पण पलीकडच्या चढावर मेंढरं आडवी आली, लालासाहेबांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. चवडे ताणले. खाली दगडांत खळगा होता, पाय हवेत. त्यांनी डोळे मिटले आणि बापासकट पडायची तयारी केली.

गाडी पडली नाही.

डोळे उघडून त्यांनी खाली पाहिलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पाय, पॉलिश केलेल्या काळ्या बुटांतले, दगडांवर घट्ट रोवलेले. सुभेदार मागं बसल्या बसल्या नुसते उभे होते.

"तू गाडी हाण," मागून आवाज आला. "खाली मी हाय."

मेंढरं गेली. लालासाहेबांनी मान मागं वळवली.

"आबा, हे आधी का नाही सांगितलंत? पहिल्याच दिवशी जाता आलं असतं आपल्याला."

"सगळ्यांस्नी इचारलंस. च्यावाल्याला बी इचारलंस. मला कवा इचारलंस?" मग सुभेदार म्हणाले, "आन् मी आपणहून उंचीचं काय बोललो असतो तर तुला लागलं असतं."

लालासाहेबांनी गिअर टाकला. वस्तीपर्यंत आणखी तीनदा थांबावं लागलं, आणि तिन्ही वेळा ते काळे बूट न सांगता खाली आले.

वस्तीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. बिरू धावत पुढं आला. उंच, उन्हानं रापलेला. सुभेदारांचे पाय धरले आणि रडता रडता म्हणाला,

"आबा, तब्येत कशी हाय तुमची?"

"माझी?"

"अण्णांनी शेवटपतूर तुमचाच घोर घेतला. दर गुरवारी फोन ठिवला की म्हणायचं, सुभेदाराला बरं न्हाई, डाक्टरनं हलू नगं म्हटलंय. गाडी घिऊन लेक कवाचा तयार हाय, पर ह्याच्यानंच येववत न्हाई. जायाच्या आदल्या दिवशी बी म्हणलं, मी गेल्यावर सुभेदाराला एकदा बघून या रं."

सुभेदारांनी मुलाकडे पाहिलं नाही. बिरूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता बरा हाय," ते म्हणाले.

लालासाहेबांना तिथंच, गाडीच्या हँडलवर डोकं ठेवून, हमसून हमसून रडू फुटलं. थांबता थांबेना. जमलेल्या लोकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. दहाव्याला माणसं रडतातच. एकानं पाण्याचा तांब्या आणून दिला. झाडाखाली बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लय जीव हुता गं बाई ह्याचा सिद्धूवर."

लालासाहेबांनी सिद्धूला उभ्या जन्मात कधी पाहिलं नव्हतं.